मत आईचे, बोट माझे

वाचकहो, आज एक कबुली देऊन प्रारंभ करते.

२०१९च्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा माझी आई ब्याऐंशी वर्षांची होती. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ हिरावून घेतली होती. उजेड कळे, माणसाची आकृती कळे. चेहरा कळत नसे. मतदानाला जायचे, हे मात्र तिने आठवडाभर आधीच ठरवले होते. ठेवणीतली साडी नेसून, माझ्या दंडाला धरून ती शाळेच्या खोलीत आली. मतदान केंद्राध्यक्षांनी माझ्याकडून एका छापील नमुन्यावर लिहून घेतले, की या मतदाराच्या वतीने मी जे मत नोंदवीन ते गुप्त ठेवीन, आणि आजच्या दिवशी मी दुसऱ्या कोणाही मतदाराची सोबती झालेली नाही. मी सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघी उभ्या राहिलो. आईने माझ्या कानाशी तोंड आणले आणि एका चिन्हाचे नाव सांगितले.

ते चिन्ह माझ्या अपेक्षेतले नव्हते. खरे तर ते मला मुळीच मान्य नव्हते. माझे बोट क्षणभर अधांतरी राहिले. तिला दिसत नव्हते. कोणतेही बटण दाबले तरी यंत्राचा आवाज एकच येतो. मी काय केले हे तिला कधीही कळले नसते.

त्या क्षणाकडे शेवटी पुन्हा येईन. तोवर त्यामागचा प्रश्न आपण नीट पाहू या, कारण तो केवळ माझा नाही. ज्या घरात कोणी वृद्ध आहे आणि कोणीतरी त्यांची काळजी घेत आहे, अशा प्रत्येक घरात निवडणुकीच्या दिवसांत तो उभा राहतो. मत कोणाचे असते? आणि ते घडवते कोण?

एक शब्द, दोन अर्थ

आपल्या भाषेत ‘मत’ हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. मनातला विचार तेही मत, आणि मतपेटीत पडते तेही मतच. त्यामुळे आपला असा समज होतो की, माणूस एकान्तात विचार करतो, निष्कर्ष काढतो आणि तो जाऊन नोंदवतो. प्रत्यक्षात मनातले मत एकट्याने क्वचितच तयार होते. आपण कोणाचे कोण, कोणत्या गावचे, कोणती भाषा बोलणारे, कोणत्या व्यवसायातले, कोणत्या माणसांच्या उपकाराखाली आणि कोणत्या माणसांनी दुखावलेले, या साऱ्यांची सरमिसळ त्यात असते.

या ओळखीचे वजन किती असते, याचे एक उदाहरण आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच सापडते. १९५१-५२च्या त्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत होत्या, तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख त्यांनी दिली. परक्या पुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. मतदार म्हणजे स्वतःचे नाव असलेली व्यक्ती, हा त्यांचा आग्रह होता. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. त्यांतील बहुतेक उत्तर भारतातील राज्यांतल्या होत्या.

तो निर्णय कठोर होता, आणि त्याने कित्येक स्त्रियांचे पहिले मत गेले, हेही खरे. तरीही त्यामागचे सूत्र मोलाचे होते. नाती माणसाला घडवतात, पण नाते म्हणजे मतदार नव्हे. ‘अमक्याची आई’ मत देत नाही. ते एका नावाची बाई देते.

आपल्याकडे नाव सांगायला लाज नव्हती, पण नावाची दुसरी गंमत होती. लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर कित्येक घरांत पहिले नावही बदलले जाई. आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेक आजींचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव असते, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि हाक मारण्याचे तिसरेच. मतदारयादीत यांपैकी कोणते आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. पुढे जो व्यावहारिक भाग आहे, त्यात या गोष्टीकडे परत येऊ.

घराचे मत

नातेसंबंध मतावर किती परिणाम करतात, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून केला आहे. १९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या वेळी कोलंबिया विद्यापीठाचे पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी नावाच्या परगण्यात सहाशे मतदारांच्या एका गटाला मे ते नोव्हेंबर या काळात दर महिन्याला पुनःपुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचाराने माणसांची मने कशी बदलतात, हे त्यांना पाहायचे होते. दिसले ते वेगळेच. बहुतेकांचे मत प्रचाराला जोर येण्याआधीच ठरलेले होते. धर्म, आर्थिक स्थिती, गावात राहणे की शहरात, एवढ्यावरून ते बऱ्याच अंशी ओळखता येत होते. एकाच घरातील माणसे सहसा एकाच बाजूला मत देत होती. ज्यांचे मत बदलले, त्यांच्यावर रेडिओ आणि वृत्तपत्रे यांपेक्षा ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम अधिक झाला होता.

त्या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण वृद्धांच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. ज्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढ होती, म्हणजे घर एकीकडे आणि व्यवसाय किंवा धर्म दुसरीकडे, अशी माणसे निर्णय लांबणीवर टाकीत आणि हळूहळू निवडणुकीतला रसच गमावीत. दोन आवडत्या माणसांपैकी एकाला दुखवण्यापेक्षा गप्प बसणे त्यांना सोपे वाटे. आपल्या घरात ‘मला काय कळतंय त्यातलं?’ असे म्हणणारे आजोबा खरोखर उदासीन असतात, की मुलगा आणि जावई यांच्या वादात त्यांनी मौन पत्करलेले असते, हे एकदा विचारून पाहावे.

पुढे १९६० साली मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी ‘द अमेरिकन व्होटर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्षावरची निष्ठा बहुधा घरातच, लहानपणी रुजते आणि वय वाढत जाते तशी ती घट्ट होते, असे त्यांनी दाखवले. पक्ष हा मग केवळ पसंतीचा विषय उरत नाही, तो ‘आपण कोण’ याचा भाग होऊन बसतो. वडिलांनी आयुष्यभर एका झेंड्याखाली काम केले असेल, त्यासाठी तुरुंगवास सोसला असेल, तर त्या पक्षावर टीका म्हणजे त्यांच्या तारुण्यावर टीका ठरते. नातवाला वाटते, आपण एका सरकारी धोरणाबद्दल बोलतो आहोत. आजोबांना ऐकू येते, ‘तुमचे आयुष्य वाया गेले.’

नात्यांचा परिणाम नेहमी वाईटच असतो, असे मात्र नाही. डेव्हिड निकरसन या अभ्यासकाने डेन्व्हर आणि मिनिआपोलिस या शहरांत, दोन मतदार राहतात अशा घरांची दारे ठोठावून एक प्रयोग केला. २००८ साली त्याने तो प्रसिद्ध केला. दार उघडणाऱ्याला मतदानाचे आवाहन केले, तर त्याच्यात जो उत्साह वाढला, त्याचा सुमारे ६० टक्के भाग घरातील दुसऱ्या व्यक्तीपर्यंतही पोहोचला. तिने दार उघडले नव्हते, आवाहन ऐकलेही नव्हते. घरातील एक जण मतदानाला निघाला की दुसराही निघतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला हे उत्तेजन येत नाही. शेजाऱ्याने ‘काका, चलता का?’ एवढे विचारणे त्यांच्यासाठी म्हणूनच फार मोठे असते.

एकाच माणसातल्या अनेक ओळखी

ओळख एकच असती तर सारे सोपे होते. पण एका माणसात अनेक ओळखी नांदत असतात आणि निवडणूक त्यांपैकी एकीला पुढे बोलावते. आपल्या वाचकांपैकी जे गोव्यातील आहेत, त्यांना १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल आठवत असेल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की वेगळा संघराज्य प्रदेश म्हणून राहावे, हा प्रश्न होता. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळेपण. १,३८,१७० मते फुलाला पडली आणि १,७२,१९१ दोन पानांना. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

या आकड्यांमागे प्रत्येक मतदाराच्या मनात ओळखींची केवढी ओढाताण झाली असेल, याची कल्पना करावी. घरात कोकणी बोलणारा, देवळात मराठी कीर्तन ऐकणारा, शाळेत मराठी शिकलेला आणि आपल्या गोवेकरपणाचा अभिमान बाळगणारा माणूस कोण? मराठी, कोकणी, हिंदू, ख्रिस्ती, कूळ, भाटकार, मुंबईत नोकरीला भाऊ असलेला? ज्याने त्या दिवशी फुलावर शिक्का मारला तो कमी गोवेकर नव्हता, आणि ज्याने पानांवर मारला त्याने मराठीशी नाते तोडले नव्हते. त्या वेळी समोरासमोर उभे ठाकलेले कित्येक जण पुढे एकाच वाड्यावर, एकाच पंगतीत राहिले. मत वेगळे असूनही नाते राखता येते, हे त्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे. ती शिकवण आज नातवंडांना देण्याजोगी आहे.

हात धरणाऱ्याचे बळ

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. वार्धक्यात माणसाचे वर्तुळ लहान होत जाते. कट्ट्यावरचे मित्र एकेक करून जातात, वृत्तपत्राची अक्षरे पुसट होतात, सभेला जाणे बंद होते. तरुणपणी ज्याच्या मतावर वीस जणांचा परिणाम होत असे, त्याच्यावर आता दोघांचाच होतो. एक घरात सोबत करणारा आणि दुसरा हातातला मोबाइल. वृत्तपत्र कोणते यावे, त्यातले काय वाचून दाखवावे, दूरदर्शनवर कोणती वाहिनी लावावी, हे सारे काळजीवाहक ठरवतो. त्याच्या मनात काहीही नसले तरी हे बळ त्याच्या हाती येतेच.

त्यात ओशाळलेपणाची भर पडते. जो मुलगा औषधे आणतो, जी सून अंघोळ घालते, त्यांच्या शब्दाबाहेर कसे जावे, असे वृद्धाला वाटते. माझ्या आईचेच पाहा. १९६२ साली तिने पहिल्यांदा मत दिले. वाटेत सासूबाईंनी सांगितले, ‘आपलं मत अमक्याला.’ ‘आपलं’ या शब्दात सगळे घर आले होते. त्यानंतर कितीतरी निवडणुका ते ‘आपलं’ मत वडील ठरवीत. तिने कधी विरोध केला नाही. ती बावळट नव्हती. घरातील शांतता तिला एका मतापेक्षा मोलाची वाटत होती. वडील गेले, डोळे गेले, आणि ‘आपलं’ मत ठरवण्याची जबाबदारी जणू वारशाने माझ्याकडे आली, असे मी न बोलता गृहीत धरले होते. माझी चूक तिथेच होती.

काळजीवाहकाने तीन गोष्टींतला भेद ओळखावा, असे मी अनुभवाने म्हणते. पहिली, मन वळवणे. आपले म्हणणे कारणांसह मांडावे, त्यांचेही ऐकावे. यात गैर काहीच नाही, घरात चर्चा हवीच. दुसरी, दबाव. ‘एवढं करतो आम्ही तुमच्यासाठी, निदान इतकं तरी ऐका’, हे वाक्य प्रेमाने उच्चारले तरी तो दबावच असतो. तिसरी, ताबा. त्यांना न विचारता, किंवा विचारून त्याविरुद्ध, त्यांच्या वतीने ठरवणे. मन वळवण्यात समोरचा माणूस माणूस राहतो. दबावात तो ऋणको होतो. ताब्यात तो उरतच नाही.

याचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्याच्या जेवणाची वेळ, औषधाची वेळ, झोपण्याची बाजूही दुसरे ठरवतात, त्या माणसाकडे स्वतःचे म्हणून उरलेले निर्णय फार थोडे असतात. त्यांपैकी एक हिरावून घेतला, तर ‘मी अजून आहे’ या भावनेला धक्का बसतो. उलट मतदान करून आलेल्या वृद्धाच्या बोटावरची शाई पाहा. दोन दिवस ते बोट प्रत्येक भेटीला येणाऱ्याला दाखवले जाते.

निवडणुकीच्या काळातील घरगुती वादांविषयीही दोन शब्द. रात्रीच्या जेवणाला राजकारण नको, एवढा एक नियम बहुतेक घरांना मानवतो. रागावून झोपायला गेलेल्या वृद्धाला झोप लागत नाही, आणि सकाळी रक्तदाबाचा आकडा त्याची साक्ष देतो. वाद करायचाच असेल तर दिवसा करावा. ‘तुम्ही त्यांनाच का मत देता?’ असे विचारण्याऐवजी ‘पहिल्यांदा त्यांना मत दिलंत, तेव्हा काय घडलं होतं?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला युक्तिवाद मिळतो, दुसऱ्याला गोष्ट. कुटुंबाच्या मोबाइल गटावर आलेला संदेश आजोबांनी पुढे पाठवला आणि तो खोटा निघाला, तर सर्वांसमोर न खोडता त्यांना स्वतंत्रपणे सांगावे. चूक दुरुस्त व्हावी, मानहानी होऊ नये.

काय करता येईल

वाचकांसाठी काही उपयुक्त माहिती येथे देते.

निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता मतदारयादीतील नाव तपासावे. विशेषतः आजींचे माहेरचे आणि सासरचे नाव, वय व पत्ता पाहावा. दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. माहितीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि आपल्या भागातील बीएलओही साहाय्य करतात.

लोकसभा व विधानसभा निवडणुकांत ८५ वर्षांवरील मतदारांना, तसेच ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना घरून टपाली मतदानाचा पर्याय आहे. त्यासाठी नमुना १२ डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. ही मुदत लहान आहे, तिच्याकडे लक्ष असू द्यावे. त्यानंतर मतदान पथक ठरलेल्या दिवशी घरी येते, मत गुप्तपणे नोंदवता यावे अशी व्यवस्था करते, आणि सर्व प्रक्रियेचे चित्रीकरण होते. एकदा हा पर्याय स्वीकारला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. म्हणून तो स्वीकारावा की नाही, हे वृद्धांनाच विचारावे. ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणून त्यांच्या वतीने ठरवू नये. काहींना केंद्रावर जाणे, रांगेत जुनी माणसे भेटणे, हाच त्या दिवसाचा आनंद असतो.

पथक घरी आले असता घरातील इतरांनी दुसऱ्या खोलीत जावे. आपल्याच घरात, आपल्याच पलंगाशेजारी मुलगा उभा असताना गुप्त मतदान करणे, हे केंद्रातल्यापेक्षा अवघड असते.

केंद्रावर जाणार असाल तर सकाळची वेळ निवडावी. औषधे, पाणी, चष्मा, ओळखपत्र आठवणीने घ्यावे. वृद्धांना रांगेत प्राधान्य मिळते. ते मागण्यात संकोच करू नये. डोळ्यांनी दिसत नसेल किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखणे वा बटण दाबणे अशक्य असेल, तर निवडणूक नियमांतील ४९-एन या नियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली एक व्यक्ती सोबती म्हणून आत जाऊ शकते. एका दिवसात एका व्यक्तीला एकाच मतदाराची सोबत करता येते. मतदार स्वतः चिन्ह ओळखून बटण दाबू शकत असेल, तर सोबत्याने आडोशापर्यंतच जायचे असते. मतदानयंत्रावर ब्रेल अंकही असतात. पण उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुधा ब्रेल येत नाही, म्हणून त्यांना सोबती लागतोच.

स्मृतिभ्रंश झालेल्यांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. आपल्या कायद्यानुसार सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून घोषित केले असेल, तरच त्या कारणाने नाव वगळता येते; डॉक्टरांच्या कागदावर निदान लिहिले गेल्याने मताधिकार जात नाही. सुरुवातीच्या अवस्थेतील अनेक जण आपली पसंती स्पष्ट सांगू शकतात. अमेरिकेत मेन राज्यातील एका खटल्यात २००१ साली न्यायालयाने जी कसोटी मांडली, ती घरातही उपयोगी पडावी अशी साधी आहे. मतदान म्हणजे काय आणि त्याने काय होते, हे व्यक्तीला कळते का, आणि ती निवड करू शकते का? कालचे जेवण आठवते का, हा प्रश्न त्यात नाही. मात्र आजार इतका वाढला असेल की व्यक्ती काहीच निवड सांगू शकत नाही, तर त्यांचे मत दुसऱ्या कोणीही देऊ नये. ‘बाबांनी नक्की यांनाच दिलं असतं’ हा तर्क असतो, मत नव्हे.

आणि शेवटचे, काळजीवाहकांच्या स्वतःच्या मताविषयी. दिवसभर रुग्णाजवळ असणारी व्यक्ती मतदानाला जायची राहून जाते. घरी कामाला येणाऱ्या मदतनीस ताईंचे नाव कदाचित दुसऱ्या तालुक्यात असेल. त्यांना त्या दिवशी सुट्टी देता यावी, अशी सोय आधीच करून ठेवावी. आपल्या आईचे मत राहावे म्हणून त्यांचे मत जाऊ नये.

आडोशामागे

आता त्या शाळेच्या खोलीत परत येते.

माझे बोट किती वेळ थांबले होते, कोण जाणे. दोन-तीन क्षण असतील. त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनात अनेक सबबी येऊन गेल्या. तिला आजच्या परिस्थितीची कल्पना नाही. ती वर्तमानपत्र वाचत नाही. वडील असते तर त्यांनी हे होऊ दिले नसते. तिच्याच भल्यासाठी. प्रत्येक सबब मला अगदी खरी वाटली, हे आज सांगताना लाज वाटते.

मग मला जाणवले की तिचा हात माझ्या दंडावर आहे, आणि तो थरथरत नाही. तिला शंका नव्हती. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदाच ती ‘आपलं’ नसलेले, स्वतःचे मत देत होती, आणि ते नोंदवण्यासाठी तिने माझ्यावर विश्वास टाकला होता. मी तिने सांगितलेले बटण दाबले. लांब आवाज आला. शेजारच्या यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली.

‘दिसलं का गं बरोबर?’ तिने विचारले.

‘हो आई, तू सांगितलंस तेच.’

बाहेर आल्यावर, पायऱ्या उतरताना ती म्हणाली, ‘मला वाटलं होतं, तू रागावशील.’ मी काही बोलले नाही. ती रागावण्याची भीती मनात घेऊन आली होती, आणि तरीही तिने आपले चिन्ह सांगितले होते, हे मला तेव्हा कळले.

ते चिन्ह कोणते होते, ते मी आजही सांगणार नाही. आई आता नाही. पण मी लिहून दिले आहे.

वाचकहो, पुढच्या निवडणुकीत आपल्यापैकी अनेक जण कोणाचा तरी हात धरून त्या आडोशामागे उभे राहतील. वाटेत हवे तेवढे बोला, वाद घाला, समजावा. दारापाशी आल्यावर मात्र बोलणे थांबवा आणि कान द्या. त्यांनी सांगितले तेच बटण दाबा. त्यानंतर त्यांना घरी आणा, पाणी द्या, दुपारच्या गोळ्या विसरू नका, आणि कोणी भेटायला आले तर त्यांना आपले शाई लावलेले बोट दाखवू द्या.